तीन दिवसांचं लॉगशीट आणि कणकवलीची शनिवारची ओपीडी

एकतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलं, त्यातली बरीचशी देवगड–मुंबई रात्रीच्या गाडीवर. नांदगावला हायवेला लागलो की पनवेलपर्यंत लघवीला कुठल्या टपरीमागे आडोसा आहे, कुठल्या हॉटेलात रात्री दोनलाही नळाला पाणी असतं, आणि कशेडीचा घाट चढायच्या आधी खेडला उतरून घेतलेलं बरं, हे सगळं तोंडपाठ होतं. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, चला, हा नकाशा आता डोक्यातून गेला. झालं उलटंच. गेली दोन वर्षं देवगड बाजारात मासे आणायला जायचं तरी मी मनात स्टॉप लावत होतो: निघताना घरी, मग पुतण्याच्या दुकानामागे, मग बंदराकडे उतरताना कुंपणाच्या आडोशाला. जेमतेम अर्ध्या तासाच्या फेरीला तीन थांबे. एवढे थांबे आमची साधी गाडीसुद्धा घेत नाही.

रात्रीचं तर विचारू नका. चार वेळा उठायचं. पडवीतला दिवा लावायचा, न्हाणीकडे जायचं, उभं राहायचं, वाट बघायची, आणि हाती काय तर चार चमचे. परत येऊन आडवं पडलो की बायको अंधारातून म्हणायची, "मुक्कामाची गाडी तरी रातभर एका जाग्यार उभी रवता. तुमी काय रवनास नाय."

माझं वय ६९. वयाने व्हायचंच, असं सगळेच म्हणत होते, आणि मीही तेच धरून बसलो होतो. ज्याच्याबद्दल हे लिहितोय त्या कणकवलीच्या दवाखान्यात गेलो नसतो तर अजून बसलो असतो. कोल्हापूरहून लघवीच्या विकारांचे एक डॉक्टर दर शनिवारी इथे येतात. तीन खेपा झाल्या, आता चौथी नाही म्हणाले, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आधी कुठे कुठे फिरलो ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय इथलं वेगळं काय ते कळणार नाही. एका ठिकाणी लघवी न तपासताच अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. पहिल्या कोर्सला आठ दिवस बरं वाटलं, दुसऱ्याला तेही नाही. मग ऑगस्टमध्ये खरोखरच जळजळ आणि ताप आला. तेव्हा दुसऱ्या ठिकाणी एक 'पॅकेज' केलं, त्यात पीएसए नावाची रक्ततपासणी होती, पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली जी प्रोस्टेट ग्रंथी असते तिची. ती आली ७.९. कागदावर शेजारी ४ पर्यंत चालतं असं छापलेलं. काउंटरवरच्या मुलाने आकड्याभोवती लाल पेनने गोल केला आणि म्हणाला, "कॅन्सरच्या डॉक्टरना दाखवा." झालं. त्या रात्रीपासून चार वेळा उठायचो ते पाच वेळा उठायला लागलो, पाचवी खेप नुसत्या काळजीची.

तिसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी. सकाळी दहाला बोलावलं, दीड लिटर पाणी प्यायला लावलं आणि नंबर लागला साडेबाराला. तोपर्यंत मी भिंतीला कपाळ टेकून उभा. मग लघवी करून या म्हणाले, ती धड झालीच नाही, आणि रिपोर्टमध्ये आलं: लघवीनंतर १८० मिली शिल्लक. लगेच ऑपरेशनची तारीख विचारली. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. ड्रायव्हरच्या आयुष्यात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

माझ्या जुन्या कंडक्टरने कणकवलीचं सांगितलं. त्यालाही हाच त्रास होता. म्हणाला, "थंय जा तू. थंय पयली वही मागतत, मगे पैशे."

खरंच वही मागितली. नंबर लावायला फोन केला तर बाईंनी तारीख दिली आणि वर तीन कामं सांगितली. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणायच्या, नुसती नावं नकोत. येताना लघवीची पिशवी थोडी भरलेली हवी, पण पोट फुटेपर्यंत दाबायचं नाही. आणि आधी तीन दिवस घरी लघवी मोजून लिहायची. प्रत्येक वेळची, वेळेसकट, मिलीमध्ये. सोबत काय प्यायलो तेही, किती वाजता झोपलो आणि किती वाजता उठलो तेही.

मी फोनवरच हसलो. एसटीत ड्रायव्हरच्या डिझेलचा हिशेब असतो, दहा लिटरला किती किलोमीटर गाडी चालली तो. केपीटीएल म्हणतात. केपीटीएल घसरला की आगारात बोलावणं यायचं. तेव्हा 'गाडी जुनी झाली साहेब' हे उत्तर चालायचं नाही, कारण शोधायला लागायचं: टायरमध्ये हवा कमी आहे, क्लच सरकतोय, की ड्रायव्हरच गिअर ओढतोय. माझ्या अंगाच्या बाबतीत मात्र दोन वर्षं सगळे 'गाडी जुनी झाली' म्हणून मोकळे होत होते, आणि त्यात मीही आलो. मोजायला पहिल्यांदा इथेच सांगितलं.

जामसंड्याला प्लॅस्टिकचा मापाचा मग घेतला, अर्ध्या लिटरचा, पन्नास-पन्नासच्या रेघा असलेला. बायकोने त्याच्या कानाला लाल नेलपॉलिशची खूण केली, म्हणजे चुकून कुणी ताकाला घेऊ नये. वही नातवाची, आडव्या रेघांची. मी तिला लॉगशीटसारखे रकाने आखले: वेळ, मिली, घाई होती का, काय प्यायलो. तिसऱ्या दिवशी पुतण्याकडे सत्यनारायण निघाला. तो मापाचा मगही पिशवीत घालून नेला. ओट्यावर पिशवी ठेवली तर त्याची सासू आत डोकावून म्हणते, "तीर्थाक हाडलास काय?" मी पिशवी उचलून सरळ खळ्यात जाऊन उभा राहिलो. त्या दिवशीची दुपारची एक नोंद त्यामुळे चुकली. वहीत तसं लिहिलं: 'मोजता आली नाही, पूजा'. डॉक्टरांनी ते वाचलं, मान हलवली आणि पुढे गेले.

शनिवारी सकाळची कणकवली गाडी धरली. मला पासष्टीच्या पुढचं अर्धं तिकीट, बायकोला बाईमाणसाचं अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एक. तळेबाजार, शिरगाव, नांदगाव करत गेलो. शिरगावच्या पुढे लागली होती, पण बाईंचं सांगणं आठवून दम धरला. ड्रायव्हर पोरगा नवा होता, वळणावर ब्रेक फार मारत होता. असो, तो विषय वेगळा.

दवाखाना तळमजल्यावर आहे, ही पहिली चांगली गोष्ट. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे संडास-मुताऱ्या बाकांपासून आठ पावलांवर, बाजूला धरायला दांडी, जमीन कोरडी. ज्या दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस दर पाऊण तासाने उठणार, तिथे हे असायलाच हवं, पण सगळीकडे नसतं. वाईट गोष्ट: माझा नंबर नववा होता आणि आत जायला पावणेदोन तास गेले. त्याहून वाईट म्हणजे दारातली पोरगी मोठ्याने ओरडते, "धारेच्या टेस्टवाले काका कोण हो?" वीस माणसं वळून बघतात. माझ्या शेजारी देवगडचेच ओळखीचे एक गृहस्थ बसले होते, त्यांनी तोवर मला गुडघ्यासाठी आलोय असं सांगितलं होतं. त्यांचंही नाव तिने तसंच पुकारलं. मी सरळ वर पंख्याकडे बघितलं.

डॉक्टर पन्नाशीच्या आतले. कोल्हापुरी बोलणं. "या काका, बसा की. काकी, तुम्ही पण बसा, तुमच्याकडनंच जास्त कळतंय." हे त्यांचं बोलणं बायकोला फार आवडलं आणि तिथून पुढे अर्धी उत्तरं तिनेच दिली.

आधी एक छापील कागद. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५. लघवी करून झाल्यावर अजून उरल्यासारखं वाटतं का. दोन तासांच्या आत परत जावं लागतं का. धार मध्येच थांबून परत सुरू होते का. लागली की आवरणं कठीण जातं का. धार बारीक आहे का. सुरू करायला जोर लावावा लागतो का. रात्री किती वेळा उठता. माझी बेरीज आली १८. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढे ३५ पर्यंत तीव्र, असं त्यांनी समजावलं. खाली एक आठवा प्रश्न वेगळा असतो, तो बेरजेत धरत नाहीत: आज आहे असंच आयुष्यभर राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? मी थबकलो. दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बायको म्हणाली, "त्येंका काय ता म्हायत नाय, माका तरी चलाचा नाय." त्यावर डॉक्टरांनी 'असमाधानी'वर खूण केली.

मग तोंडी प्रश्न. त्यांत मला त्यांचा हात कळला. लघवीतून कधी रक्त गेलं का, वेदना नसतानासुद्धा? बिडी-तंबाखू? (बिडी होती, २००१ साली सोडली. 'मग लघवीत रक्त आहे का ते दुर्बिणीखाली बघायलाच हवं,' म्हणाले.) शौचाला साफ होते का? घोरता का, घोरताना श्वास अडकतो का? हे बायकोला विचारलं. ती म्हणाली, घोरतात जीपसारखे, पण बंद पडत नाहीत. कंबर दुखते का, पायाला मुंग्या, बसतो ती जागा बधिर होते का? ड्रायव्हरची कंबर दुखणारच, पण बधिरपणा नव्हता. उठवून चार पावलं चालायलाही लावलं. सर्दीच्या गोळ्या घेता का, म्हणून विचारलं तेव्हा मी चमकलो. गणपतीत सर्दी झाली होती, मेडिकलमधून गोळी आणून दोन दिवस खाल्ली, आणि त्या दोन रात्री धारच सुटत नव्हती, थेंब थेंब. तो मी पंचखाद्याचा दोष धरला होता. ते म्हणाले, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या पिशवीचं तोंड आवळतात, आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी पिशवीचा जोर कमी होतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या माणसाची अशा गोळीने लघवी पूर्ण तुंबूही शकते.

मी एकच प्रश्न विचारला. गाडीवर तासन्‌तास दाबून धरली, त्याने हे झालं का? म्हणाले, ग्रंथी वाढते ती वयाने आणि पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनने, दाबून धरल्याने नव्हे. मला उगाच बरं वाटलं.

आता वही. माझ्यासाठी सगळ्या भेटीत हेच खरं. त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि दुसऱ्या दिवसाचं पान माझ्याकडे फिरवून माझ्यासमोर बेरीज केली. चोवीस तासांत एकूण १,८४० मिली. म्हणजे लघवी एकंदरीत जास्त होत नाही. तीन लिटरच्या वर गेली असती तर साखर वगैरे वेगळ्या दिशेने शोधलं असतं. दिवसा आठ वेळा मिळून १,०२०. रात्री झोपल्यापासून चार वेळा, अधिक सकाळी उठल्यावरची पहिली, मिळून ८२०. "काका, रात्रीचा वाटा साधारण एक तृतीयांशापर्यंत चालतो तुमच्या वयात. तुमचा पंचेचाळीस टक्के हाय. म्हणजे पिशवी रात्री मोकळी होत नाही एवढंच नव्हे, रात्री लघवी तयारच जास्त होतीय. प्रोस्टेट रात्री जास्त लघवी तयार करत नाही. मग करतंय कोण?"

केपीटीएलचा प्रश्न. कुठे गळतंय.

त्यांनी माझा पाय पुढे घ्यायला सांगितला. मोजा खाली केला तर घोट्यावर रबराची खोल रेघ. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खड्डा, आणि तो भरून यायला वेळ लागत होता. मग गोळ्यांच्या पट्ट्या ओतून बघितल्या. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, दहाची, दोन वर्षांपासून. पाचची होती ती वाढवली तेव्हापासून. या गोळीने काही जणांच्या पायाला सूज येते. दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झालं की रक्तात परत येतं आणि मूत्रपिंड ते गाळून टाकतात. माझी रात्रीची खेप दोन वर्षांपूर्वीच वाढली होती. तारखा जुळत होत्या, पण दोन कागद शेजारी ठेवून कुणी बघितले नव्हते. वहीच्या शेवटच्या रकान्यात आणखी एक चोर सापडला. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं, झोपताना तांब्याभर पाणी प्या, हृदयाला चांगलं. मी इमानदारीत पीत होतो. शिवाय नऊ वाजता जेवणावर दोन वाट्या सोलकढी आणि त्याआधी सातचा चहा.

मग तपासणी. आधी रक्त काढायला पाठवलं आणि नंतर टेबलावर घेतलं. पोट चाचपलं, बेंबीखाली पिशवी फुगलेली लागते का ते बघितलं. पुढची कातडी मागे जाते का तेही बघितलं, कारण तिथे तोंड अरुंद असेल तर धार तिथेच अडते. आणि ती तपासणी, जिच्या धाकाने अर्धे पुरुष अशा डॉक्टरकडे जात नाहीत. गुदद्वारातून बोट घालून. सरळ लिहितो: कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, एक मिनिटही लागत नाही, दुखत नाही, लाज मात्र वाटते आणि तीही दारातून बाहेर पडेपर्यंतच. ग्रंथी आतड्याच्या पुढच्या भिंतीला लागूनच असते, त्यामुळे बोटाला कळते. केवढी वाढलीय, गुळगुळीत आहे की गाठ लागते, कुठे दगडासारखी कडक आहे का, दाबल्यावर दुखते का. आढीतला आंबा वरून पिवळा दिसला तरी आम्ही अंगठ्याने चाचपल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही, तसंच हे. माझी थोडी वाढलेली पण मऊसर, एकसारखी. गाठ नाही.

पीएसएचा जुना कागद त्यांनी उलटा ठेवला. जंतुसंसर्ग आणि ताप असताना ही तपासणी करायचीच नसते म्हणाले, आकडा वर जातोच. निदान सहा आठवडे थांबायचं. आता तीन महिने झाले होते. नवा आकडा संध्याकाळी फोनवर आला: ३.२. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी ऑगस्टपासूनच्या रात्री मोजत बसलो.

धारेची तपासणी माझ्यासाठी नवी होती. छोटी खोली, आत एक नरसाळं आणि खाली वजन घेणारं यंत्र. सिस्टर म्हणाल्या, "काका, नेहमीसारखी करा. जोर लावू नका, मध्येच थांबवू नका. मी बाहेर आहे, घाई नाही." त्या गेल्या. मी उभा राहिलो. आणि एकतीस वर्षं कुठेही, कुठल्याही आडोशाला, हेडलाइटच्या उजेडातसुद्धा ज्याची झाली त्याची तिथे होईना. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, झालं, उरलीसुरलीही आटली. सिस्टरनी अर्धा तास बसवलं, एक ग्लास पाणी दिलं आणि परत पाठवलं. या वेळी नळ थोडा सोडून ठेवला होता. झाली. १९० मिली. दीडशेच्या खाली झाली असती तर आकडा धरता आला नसता म्हणाल्या. कागदावर आलेख निघाला. निरोगी माणसाचा घंटेसारखा वर जाऊन खाली येतो. माझा म्हणजे नांदगाव ते कणकवली, सपाट आणि लांब. जास्तीत जास्त वेग सेकंदाला ११ मिली. पंधराच्या वर असेल तर बहुधा ठीक, दहाच्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय दाट. माझा मधला.

लगेच तिथेच सोनोग्राफी. शिल्लक ६५ मिली. मी १८० चा जुना रिपोर्ट पुढे केला. डॉक्टर म्हणाले, पिशवी तासन्‌तास ताणून ठेवली तर ती नीट आवळत नाही, मग शिल्लक खोटी जास्त दिसते. घरी जशी लागते तशी लागल्यावर मोजलेली खरी. ग्रंथी ३८ ग्रॅम. "आकारावर जाऊ नका. साठ ग्रॅमची घेऊन निवांत झोपणारी माणसं हायत, आणि तिशीची घेऊन रडणारी हायत." खडा नाही, मूत्रपिंड सुजलेले नाहीत. लघवीत पू नाही, रक्त नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.०, म्हणजे ठीक; साखरेची तीन महिन्यांची सरासरी ५.९, म्हणजे सांभाळून राहा पण लघवीचं कारण हे नव्हे.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता प्रोस्टेटची गोळी मिळणार. मिळाली नाही. म्हणाले, पंधरा दिवस नको. आमच्या देवगडच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, रक्तदाबाची गोळी बदलता येते का बघा म्हणून, आणि मला बजावलं की ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. संध्याकाळी सातनंतर घोटाघोटानेच पाणी. दुपारी तासभर पाय उशीवर उंच करून पडायचं. सोलकढी दुपारी. मग परत तीन दिवस वही. प्रोस्टेटची गोळीही यातच दिली तर गुण कशाचा ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वर्कशॉपमधला जुना मेकॅनिक हेच म्हणायचा, एका वेळी एकच नट. बायकोला मात्र हे पटलं नव्हतं. एवढे पैसे घेतले आणि गोळी नाही, म्हणून स्टँडपर्यंत कुरकुरत होती. पैसे म्हणाल तर फी ६००, धारेची तपासणी ५००, सोनोग्राफी १,२००, रक्त-लघवी १,४५०. एकूण ३,७५०. पावती मागावी लागत नाही, हातात देतात.

देवगडच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. पंधरा दिवसांनी वहीची बेरीज: चोवीस तासांत १,६२०, रात्रीचे ५१०. चार खेपांच्या दोन, कधी तीन. पायाचा खड्डा गेला. प्रोस्टेटला अजून कुणी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या खेपेला प्रोस्टेटची गोळी, टॅम्सुलोसिन, सुरू केली, रात्री जेवणानंतर एक. देताना जे सांगितलं ते आधी कुठेच सांगत नाहीत: अंथरुणातून झटकन उठू नका, चक्कर येऊ शकते (पहिल्याच रात्री आली, दाराची चौकट धरली). मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, कारण हिच्यामुळे बुबुळ सैल पडतं आणि त्यांना तयारीत राहावं लागतं. तिसरी गोष्ट नवराबायकोतली होती. वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जाऊ शकतं, त्याला घाबरू नका म्हणाले. बायको तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. आणखी एक ताकीद: कधी लघवी पूर्ण तुंबली, पोट फुगलं, तर शनिवारची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन नळी घालून घ्यायची. रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला तरी तसंच.

तिसऱ्या खेपेला त्या सात प्रश्नांची बेरीज १८ वरून ९ वर. धार १५, शिल्लक ३०. रात्री एकदा उठतो, एखाद दिवशी दोनदा. परवा मोहोरावर फवारणी करायला कलमांत गेलो होतो, चार तास. परत आल्यावर लक्षात आलं की एकदाच गेलो.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या ओरडण्याला कापला. नंबर द्या आणि नंबराने हाक मारा, एवढंच करायचंय. थांबायला लागतं त्याचा तारा कापला नाही, कारण आत गेल्यावर मला पंचवीस मिनिटं दिली, तेवढीच प्रत्येकाला देत असतील तर बाहेर रांग लागणारच.

जाणार असाल तर फोन मंगळवारपर्यंत करा, शनिवारचे नंबर लवकर भरतात. स्टँडवरून चालत दहा मिनिटं, रिक्षा कशाला. गोळ्यांच्या पट्ट्या घ्या, वही घ्या, बायकोला घ्या. आणि कणकवली स्टँडवर उतरलात की सवयीने आधी मुतारीकडे वळाल, तिथे वळू नका, नाहीतर माझ्यासारखे नरसाळ्यापुढे नुसते उभे राहाल.